कवचवीरचा डावा हात

१२ जानेवारी २०२५, रविवार
इंदापूर

माझ्या लेकाने, अविने, ही डायरी पाठवली. त्याच्या कंपनीने लोकांना वाटायला छापली आहे. पानं जाड आहेत, शाई मागे फुटत नाही. पण वरचं चित्र बघून शेजारची फुलाबाई म्हणाली, "कुनाच्या दहाव्याला वाटायची हाय ही?"

चित्रात कवचवीर उभा आहे. पाऊस पडतोय. चिलखत गंजलंय, दाढी वाढलीय, डोळे तांबारलेत. उजव्या मुठीतून वीज निघतेय, तीसुद्धा लोडशेडिंगच्या वेळची वाटते. मागे इतका काळोख, की छापणाऱ्याची निम्मी शाई तिथेच संपली असेल.

आमचा कवचवीर असा नव्हता. अवि सात-आठ वर्षांचा असताना तो दर रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर लागायचा. पिवळंधमक चिलखत, गुळगुळीत गाल. "कवच चढव" म्हणाला की अंगावर आपोआप पत्रे बसायचे. भिंती पडायच्या, पण भिंतीखाली कुणी नसायचं. मार खाल्लेली माणसं उठून कपडे झटकायची आणि पळून जायची. गल्लीतली सगळी पोरं आमच्या घरात, आणि पोरांच्या मागे खुर्ची टाकून हे.

ह्यांचं स्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या जळलेल्या मोटारी यायच्या, हे त्यांच्यातली जुनी तार काढून नवी भरायचे. रविवारी दुकान मालिका संपल्यावरच उघडायचं. ह्यांना कवचवीरचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना आवडायचा नाना, विहिरीखालच्या कारखान्यात बसून चिलखत दुरुस्त करणारा म्हातारा. म्हणायचे, बाकीचे नुसती बडवाबडवी करतात, काम एकटा नाना करतो.

मला वाचायला कवचवीरने शिकवलं, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. तिसरीत शाळा सुटली ती धाकट्या भावाला सांभाळायला. अक्षरं ओळखायची, जोडाक्षर आलं की अडायचं. अविची कवचवीरची चित्रांची पुस्तकं होती, त्यात चित्रावरून अंदाज यायचा. मी स्वतः वाचलेला पहिला शब्द "धडाम". नंतर "दुष्टा". जोडाक्षर आलं ते तिथं. तिथून पुढे वाचनालयातली कादंबऱ्यांची दोन कपाटं संपवली, पण सुरुवात धडामची.

आता अविची पुण्यातली कंपनी हलत्या चित्रांच्या मालिकेत तोच कवचवीर नव्याने काढतेय आणि अवि त्या कामाचा मुख्य आहे. म्हणाला, या वेळी मोठ्या माणसांसाठी आहे. फुलाबाईने विचारलं, म्हणजे त्याला गुडघेदुखी दाखवणार का?

हे असते तर डायरी आधी त्यांच्या हातात दिली असती. मार्चमध्ये तीन वर्षं होतील. त्यांना सांगायचं राहून जातं ते इथे लिहीन म्हणते.

१७ जानेवारी, शुक्रवार

गल्लीत हळदीकुंकू सुरू झालं. मला बोलावणं नसतं, मी वाटही बघत नाही. फुलाबाई मात्र दरवर्षी तिचं वाण मला आणून देते. यंदा चहाची गाळणी. म्हणाली, "घे, गाळणीला काय कळतंय कुनाच्या घरात हाय ते."

दुपारी अविला फोन लावला. एक रिंग पुरी व्हायच्या आत उचलतो तो. पुण्यात राहून असा फोन उचलणारा पोरगा फुलाबाईच्या नात्यात एकही नाही, हे मी तिला अधूनमधून ऐकवते. मेहुण्याच्या लग्नात म्हणे नवरदेवाला हार घालता घालता उचलला होता, असं सून सांगते. पण मला वाटतं ती वाढवून सांगते. पूर्वी असं नव्हतं. ही सवय अलीकडची.

त्याचं माझ्याकडे काम निघालं. नव्या गोष्टीत नानाला बायको आहे. जुन्यात नव्हती, म्हातारा विहिरीखाली काय जेवायचा हे कुणी विचारलंच नव्हतं. ही बायको आपल्या भागातली, आणि तिचं बोलणं लिहिते उत्कर्षा नावाची मुलगी. पंचवीस वर्षांची आहे, कोथरूडची. तिने नानाच्या बायकोच्या तोंडी घातलंय, "आपल्या विरहात ही वास्तू भकास भासते."

मी म्हटलं, ही बाई विहिरीखाली राहते की देव्हाऱ्यात?

अवि हसला. म्हणाला, मग तू सांग, नवरा गेलेली बाई काय म्हणेल? मी लगेच सांगितलं, "चहा अजून दोन कपच टाकला जातोय."

तो म्हणाला, चालेल. मग पुन्हा एकदा सांगायला लावलं. लिहून घेत असावा.

२२ जानेवारी, बुधवार

उत्कर्षाने पहिल्या भागाचं सगळं लिखाण मोबाइलवर पाठवलं. स्टँडवर जाऊन कागदावर काढून आणलं. तीन वेळा वाचलं. मला राग आला आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

नाना मरतो. पहिल्याच भागात. मालिका कवचवीरची, आणि मारला कोण तर चिलखत दुरुस्त करणारा. उद्या याचं चिलखत बिघडलं तर हा काय गॅरेज शोधत फिरणार?

बरं, मरतो तोही कसा. लढाईत नाही. आपल्या कारखान्यात, काम करता करता, एकटा. त्याच्या आधी तो कवचवीरला बोलावणं धाडतो. हेल्मेटमध्ये घंटी वाजते. आत घड्याळ आहे, त्यात नऊ चाळीस झालेले असतात. कवचवीर कुठे असतो? चार सेनापतींबरोबर टेबलाभोवती बसलेला. घंटी तीनदा वाजते. तो बघतो, नानाचं नाव दिसतं, आणि तो घंटी बंद करतो. मग उरलेला सगळा भाग तो पावसात उभा राहतो. एकूण अकरा पानं पाऊस आहे.

अविला फोन केला. स्पष्ट सांगितलं, पाऊस कमी कर, नानाला जगव, आणि ते घंटीचं काढून टाक, ते अजिबात पटत नाही. एवढा शूर माणूस, म्हाताऱ्याने तीनदा हाक मारली तर उचलत नाही? असा माणूस कशाला लोकांना वाचवायला जाईल?

मग म्हणाला, "आई, आवाज तुटतोय, नेटवर्क जातंय."

लोणी देवकरला कारखान्यांमुळे नवे टॉवर लागलेत, इकडे नेटवर्क चांगलं आहे. पुण्यातच बिघाड असेल.

२५ जानेवारी, शनिवार

अवि फोन पहिल्या रिंगला उचलतो, पण बोलत नाही. "हं", "बरं", "जेवलो". लिहिणाऱ्या माणसांना चुका दाखवलेल्या खपत नाहीत, असं एका कादंबरीकाराच्या आठवणीत वाचलं होतं. आपल्या घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

उत्कर्षा आली. पाठीवर सॅक, हातात केसाळ टोपी घातलेला माइक. तो बघून फुलाबाई म्हणाली, मेलेलं मांजर काठीला बांधून का हिंडते ही पोर. नानाच्या कारखान्यात खरे आवाज हवेत म्हणून अविने तिला आमच्या दुकानात पाठवलं होतं. स्वतः आला नाही. तीन वर्षांत तो घरी येतो, दुकानाकडे जात नाही. वासाने डोकं दुखतं म्हणतो. लहानपणी दिवसभर तिथेच पडलेला असायचा.

दुकान आता सोपान चालवतो. ह्यांच्याबरोबर वीस वर्षं होता, ह्यांच्याइतकाच मोठ्याने बोलतो आणि ह्यांच्यासारखाच चहा थंड करून पितो. त्याने मशीनवर तार गुंडाळून दाखवली, जळकी तार ओढून काढली, मोटर चालू-बंद केली. उत्कर्षा डोळे मिटून ऐकत होती. सोपान मला हळूच म्हणाला, "काकी, एवढं लक्ष देऊन गिऱ्हाईकानं ऐकलं असतं तर मोटारी जळाल्याच नसत्या."

घरी जेवताना तिने आतापर्यंत जमवलेले आवाज ऐकवले. पाऊस, पाऊस, दरवाजा, पुन्हा पाऊस. मग हेल्मेटमधली घंटी. ती म्हणजे जुन्या कवचवीरची तुतारी. मी ओळखली. ह्यांचा फोन आला की अविच्या मोबाइलवर हीच वाजायची, खास त्यांच्यासाठी लावलेली. उत्कर्षा म्हणाली, "काकू, बाकी काहीही बदललं तर सर ऐकतात. घंटीच्या प्रसंगाला हात लावू देत नाहीत." मी म्हटलं, नवीन घंटी करायला वेळ लागतो म्हणून घरातलीच वापरली असेल. ती माझ्याकडे बघत राहिली.

शेवटचा प्रसंग असा आहे. नाना गेल्यावर त्याची बायको कारखान्यात येते आणि कंदील विझवते. मागून कवचवीर येतो. उत्कर्षाने लिहिलं होतं, "दिवा विझवते मी." मी "विझवते" खोडून "वाढवते" लिहिलं. आमच्याकडे विझव म्हणत नाहीत. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं. दिवा घालवायचा असेल तरी दिवा वाढवते म्हणायचं, म्हणजे वाईट शब्द तोंडातून जात नाही. ह्यांच्या वेळी माझ्या बांगड्याही वाढवल्या. शब्द केवढा भरघोस, आणि हात रिकामे.

उत्कर्षाने मान हलवली, कागदाचा फोटो काढून तिथूनच चित्रं काढणाऱ्यांना पाठवला आणि साडेचारच्या एसटीने गेली. गुणी पोर आहे. वांग्याची भाजी दोनदा घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज इतकी हसले, की फुलाबाई बघायला आली.

उत्कर्षाने त्या शेवटच्या प्रसंगाची चित्रं पाठवली, हलती. नानाची बायको येते. हुबेहूब आपल्याकडची, पदर खोचलेला, एक चप्पल अंगठ्याला शिवलेली. कंदिलापाशी जाते. म्हणते, "दिवा वाढवते मी." आणि वात वर करते. आणखी वर करते. कंदील मोठा होत जातो, उजेड वाढतो, वाढतो, इतका की सगळा कारखाना लख्ख दिसायला लागतो. भिंतीवरचे पाने, तारेची रिळं, नानाचा चष्मा, अर्धवट राहिलेलं चिलखत. बाई उजेडात उभी.

मी तिला फोन करून सांगितलं, की बये, वाढव म्हणजे घालव. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. चित्रं काढणाऱ्या नऊ जणांनी यावर बारा दिवस घातले होते. त्यातले चार हैदराबादचे, पण पाच तर आपलेच, एक साताऱ्याचा. एकालाही शंका आली नाही. उत्कर्षा रडवेली होऊन म्हणाली, "काकू, तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंय." लिहिलंय खरं.

अविचा फोन आला. "आई, अकरा पानं मी अंधार केला आणि तू शेवटी ट्यूबलाइट लावलीस."

बऱ्याच दिवसांनी इतकं लांब वाक्य बोलला. म्हणाला, दुरुस्त करून घेतो, विझवायचाच आहे. मी म्हटलं, कर बाबा. पण त्या उजेडात रिळं छान दिसत होती. इतक्या अंधारात नाना काय काम करत होता ते पहिल्यांदा तिथे कळलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्कर्षाचा फोन. कामं अडून राहिली आहेत आणि तीही एका वाक्यासाठी.

दिव्याच्या प्रसंगात कवचवीर नानाच्या बायकोला विचारतो, "नाना मला कशाला बोलावत होते?" पुढे तिचं उत्तर पाहिजे. उत्कर्षाने चौदा उत्तरं लिहिली. अविने सगळी खोडली. स्वतः लिहितो आणि पुसतो. काल ऑफिसात सगळे निघून गेले तरी तो त्या एका ओळीपुढे बसून होता.

मला म्हणाली, काकू, तुम्हीच सांगा. मी कादंबऱ्यांतलं आठवून भारदस्त सांगितलं, की "त्यांना सांगायचं होतं, लढत राहा." तिने अविला दाखवलं. त्याने म्हणे फक्त विचारलं, "हे आईला कसं माहीत?" आणि तेही खोडलं.

मला कसं माहीत असणार? नाना खोटा, त्याची बायको खोटी. एवढी चिकाटी दहावीला दाखवली असती तर.

२३ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी ह्यांचा फोन चार्जिंगला लावते. बटणांचा आहे. सिम कधीच बंद झालं, पण बॅटरी फुगू नये म्हणून लावते. उजेड लागला की काढून कपाटात ठेवते. तेवढंच.

आज पुसताना हिरवं बटण दाबलं गेलं. पडद्यावर नावं आली, शेवटचे लावलेले फोन. वरच्या तिन्ही ओळींत एकच नाव. अवि. अवि. अवि. आत गेले तर तारीख ९ मार्च, आणि वेळ नऊ चाळीस, नऊ एकेचाळीस, नऊ बेचाळीस.

मी चष्मा काढून ठेवला.

ती सकाळ मला पाठ आहे, पण मी तिच्याकडे या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. हे चहा पीत होते. आदल्या दिवशी सोपानशी वाद झाला होता, की कवचवीरच्या कुठल्या हातातून वीज निघायची. हे म्हणत डावा, सोपान म्हणे उजवा. जो हरेल त्याने स्टँडवरची भेळ खाऊ घालायची. अविला विचारू म्हणून ह्यांनी फोन लावला. तीनदा लावला. नाही उचलला तर हसून म्हणाले, "कामात असंल. संध्याकाळी बघू." कप ठेवला आणि दुकानात गेले. बाराच्या सुमारास सोपान धावत आला.

भेळेचा फोन होता तो.

मी हे अविला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही होतं असं वाटलंच नाही. आणि पोरगा तीन वर्षं पहिल्या रिंगला फोन उचलतोय, नि मी त्याचं कौतुक फुलाबाईला सांगत बसलेय.

महिनाभरापूर्वी मी त्याला काय म्हणाले ते मागे उलटून वाचलं. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

अविला फोन करून काय बोलणार? त्याने मला विचारलेलं नाही. त्याने नानाच्या बायकोला विचारलंय. म्हणून मी नानाच्या बायकोचं उत्तर लिहिलं आणि उत्कर्षाला नाही, थेट अविला पाठवलं.

"काय न्हाय रं. तुझ्या कुठल्या हातातनं ईज निघती, उजव्या का डाव्या, एवढंच इचारायचं हुतं. भेळंची पैज लागली हुती त्यांची. तू उचलला न्हायस तर हसले. म्हनले, कामात असंल, संध्याकाळी बघू. आन च्या पिऊन उठले."

खाली लिहिलं, हे मनाने रचलेलं नाही, आणि फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही आलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहाला सोपानचा निरोप, काकी, दुकानात या. गेले तर ह्यांच्या स्टुलावर अवि बसलेला. पहाटेच निघाला असणार. डोळे बघून त्या डायरीवरच्या चित्राची आठवण झाली, दाढीसकट.

सोपानला काही माहीत नव्हतं. तो आपला गिऱ्हाईकाची मोटर खोलत बसला होता. अविने त्याला विचारलं, "सोपानदादा, आण्णांशी कसली पैज लावली होती?"

सोपानने पाना खाली ठेवला. म्हणाला, "तुला कुनी सांगितलं? आरं, ती तशीच राहिली. म्या कुनाला बोललो न्हाय. मानूस गेल्यावर भेळ कसली मागायची."

"तुम्ही काय म्हणालात?"

"उजवा. आन मी बरोबर हुतो." त्याने मला डायरी आणायला लावली. म्हणाला, हे बघ, तुझ्याच कंपनीनं छापलंय, उजवी मूठ. पुरावा समोर हाय.

अविने डायरी घेतली. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "हे उलटं छापलंय. पोस्टरवर नाव बसावं म्हणून चित्र फिरवलं असणार, आणि चाळीस माणसांत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही." आणि त्याने डावा हात वर केला. "डावा. लहानपणी मी असाच करायचो. आण्णा डावखुरे, म्हणून मला वाटायचं कवचवीरने त्यांचं बघून केलंय."

सोपान उठला, खिशाला हात लावून बघितला आणि स्टँडकडे गेला. चार भेळी घेऊन आला. मी म्हटलं, आपण तिघं आहोत. तो म्हणाला, "जिंकलेल्याची नको व्हय?"

चौथा पुडा कामाच्या टेबलावर, तारेच्या रिळांमध्ये ठेवला. आम्ही खायला लागलो. मिरची झणझणीत होती, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी का आलं हे विचारायचं कारण नव्हतं.

सोपान मोटर द्यायला बाहेर गेल्यावर अवि म्हणाला, "मी बघितला होता फोन. तिन्ही वेळा. मीटिंग चालू होती. म्हटलं, नंतर करू."

मी म्हटलं, "मग? नंतर करनारच हुतास की. त्यांनी पन तेच धरलं हुतं."

तो मान खाली घालून कागदाची घडी करत बसला. भेळेच्या कागदाची. ती इतकी बारीक झाली की आणखी होईना. मी त्याच्या हातातून काढून घेतली.

निघताना म्हणाला, "दिवा आहे तसाच ठेवतो. वाढवलेला."

मी म्हटलं, अरे, शब्द चुकेल. लोक हसतील. तो म्हणाला, "हसू दे."

चौथी भेळ शेवटी सोपानने खाल्ली. म्हणाला, "आण्णांनी पन मला निम्मी दिलीच असती." निम्मी नाही, सगळी खाल्ली.

१६ मार्च, रविवार

बारामतीला जाऊन आलो, मी आणि फुलाबाई. एका हॉलमध्ये पहिला भाग दाखवणार होते, लहानपणी कवचवीर बघितलेल्या लोकांना. मला वाटलं पोरं असतील. दोनशे बाप्ये. पस्तिशीचे, चाळिशीचे, कुणाचं टक्कल, कुणाचं पोट, आणि पोटावर ताणलेला पिवळा शर्ट. दिवे गेल्यावर सगळे मिळून ओरडले, "कवच चढव." फुलाबाई दचकली आणि म्हणाली, ह्यांच्या बायका कुठं हायत?

पाऊस अकरा पानांचा सहा पानांवर आलाय, असं अविने सांगितलं होतं. मला नऊ वाटली.

वीज डाव्या मुठीतून निघाली. सोपानला फोटो काढून पाठवणार होते, पण तिथे फोटो काढू देत नाहीत.

घंटी तीनदा वाजली. नऊ चाळीस. हॉलमध्ये कुणी हललं नाही. अवि कडेला भिंतीला टेकून उभा होता, पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत. मग नाना गेला. मला वाईट वाटलं. पण नीट गेला, हातात काम असताना.

मग बाई आली. "दिवा वाढवते मी" म्हणाली आणि वात वर करायला लागली. हॉलमध्ये एक-दोन जण हसले, ज्यांना तो शब्द माहीत होता ते. फुलाबाई तर मोठ्याने बोलली, "आगं, हिला घालवायचा हुता ना? ही तर मोठा करती."

मी म्हटलं, "व्हय. चुकलंय. राहू दे."

सगळा कारखाना उजळला. कवचवीरने विचारलं, नाना कशाला बोलावत होते. बाईने सांगितलं, उजव्या का डाव्या. भेळेवर दोनशे माणसं खदखदून हसली. "कामात असंल, संध्याकाळी बघू" म्हणाली तेव्हा हसता हसता सगळे थांबले. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका पोटवाल्याने खिशातून फोन काढला, बघितला, आणि तसाच हातात धरून बसला. पडद्यावर बाईने उजेडात नानाचा चष्मा पुसला आणि जागेवर ठेवला. तिथे संपलं.

बाहेर अविला माणसांनी घेरलं होतं. एकाने तक्रार केली, की इतकं गंभीर करायला नको होतं, आमचं लहानपण होतं ते. अवि म्हणाला, माझंही होतं. मला त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. उत्कर्षा मात्र धावत आली. तिने पुढच्या भागाचे कागद आणले होते. वर लाल शाईने लिहिलं होतं: काकू, अवघड शब्दांचा अर्थ बाजूला लिहा.

एसटीत फुलाबाई म्हणाली, बाई तुझ्यासारखीच दिसत होती. मी म्हटलं, माझी चप्पल शिवलेली नाही. तिने वाकून माझ्या पायाकडे बघितलं.

१९ मार्च, बुधवार

पुढच्या भागात कवचवीर स्वतः चिलखत दुरुस्त करायला शिकतो. तारेचे वेढे चुकीचे लिहिलेत, सोपानला विचारून दुरुस्त केले.

अवि आला तेव्हा माझा स्टीलचा मोठा डबा घेऊन गेला होता, लाडवांचा. तो घरात नेला का गाडीतच राहिला, ते विचारायला दुपारी फोन लावला. वाजला. वाजत राहिला. पूर्ण वाजून बंद झाला.

पहिल्यांदाच.

कामात असेल. संध्याकाळी बघू.